आधी जॅक, मग मोटार

दारात मोटार नसताना मोटार उचलायचा जॅक घेणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या लांबच्या मावशीचा नवरा! पैज लावतो, दुसरा दाखवा. त्या काळी जव्हारात मोटार म्हणजे दरबारची. ती घाट चढून आली की लोक हातातली कामं टाकून रस्त्यावर यायचे. काका जंगलखात्यात कारकून. मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि त्यांच्याकडेच राहायला गेलो, म्हणून ही सगळी गंमत मला घरबसल्या बघायला मिळाली.

मूळ कारण मावशी. तिचं माहेर खोडाळ्याचं. वडील थकलेले, डोळ्यांनी अधू. दर दिवाळीला बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत ती त्यांना भेटायला जायची. एकदा परत आली ती कंबर धरूनच बसली, तेव्हा काकांनी शब्द दिला, "पुढच्या खेपेला तुला मोटारीनं नेईन. आपल्या मोटारीनं!" मावशी तोंडावर हसली खरी, पण संध्याकाळपर्यंत आळीतल्या चार बायकांना सांगून आली होती.

आता दुसरा कुणी असता तर मोटारीच्या मागे लागला असता. काकांचं सगळंच उफराटं. "मोटार काय रे, कुणीही घेईल! पण चाक फुटलं म्हणजे? काढायचं तर आधी उचलायला नको? घरच्या घरी दुरुस्ती करणारा माणूस पहिला जॅक बघतो!" झालं! मुंबईहून सूचिपत्रं यायला लागली. जेवताना जॅक, संध्येला बसले तरी जॅक. स्क्रूचा उभा जॅक त्यांनी बघताक्षणीच नापास केला. "तो ठोंब्यासारखा एका जागी उभा राहणार. आपल्याला हवा चाकांवरचा, लांब दांड्याचा. ट्रॉली जॅक! सरकवला, दांडा दाबला, की गाडी वर!" पण तो गाडीखाली शिरेल का? एवढं बघायला म्हणून राजवाड्यासमोर उभ्या असलेल्या मोटारीखाली काका स्वतःच शिरले. पहारेकऱ्यानं पाय धरून ओढून काढलं, तर धुळीनं माखलेला हा गृहस्थ आनंदानं ओरडत बाहेर आला, "शिरेल! वीतभर नि वर चार बोटं!"

अखेर जॅक आला, आणि आला कसा, तर बैलगाडीतून. काका त्याला दोरी बांधून आळीभर फिरवायचे, म्हणून लोकांनी त्याचं नाव ठेवलं रेडकू. मोटार नव्हती, मग रेडकानं भाताची कणगी उचलली, शेजाऱ्याची बैलगाडी उचलली, आणि एका दुपारी मी झोपलो होतो त्या बाजेचं एक अंगही उचललं. "बाजारात तुरी नि भट भटणीला मारी," मावशी कपाळाला हात लावायची. तिच्या सारवलेल्या अंगणात त्या लोखंडी चाकांनी चऱ्या पाडल्या की मात्र तोंडाचा पट्टा सुटायचा, "आधी ते रेडकू बाहेर बांधा!" तरी खंडेनवमीला सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करत होते, तेव्हा तिनंच जॅकला झेंडूचं फूल वाहिलं. म्हणाली, "देव आलाय. वाहन तेवढं यायचंय."

आणि त्याच दुपारी वरच्या पाड्यावरचा एक शेतकरी धापा टाकत दारात आला. "काका, चला ना बिगी! खोडाळ्याच्या वाटंवर मोटारीचं चाक फुटलंय. उचलायचं यंतर वाटंत कुठं पडलं म्हणं. साहेब नुसता बोंबलतोय!"

काय सांगू तुम्हाला! काकांनी धोतराचा काचा मारला, दोरी धरली आणि जे सुटले! मागे रेडकू खडखडतंय, त्यामागे मी, मावशी आणि अर्धी आळी. दौऱ्यावर निघालेला कुणी साहेब होता. काकांनी ऐटीत जॅक सरकवला, दांडा दाबला. मोटार वर जाईना, जॅकच खाली जायला लागला! पावसाळा नुकता सरलेला, जमीन भुसभुशीत. जागा बदलली, तरी तेच. "रेडकू चिखलात लोळतंय!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. काकांचा चेहरा उतरला. "सूचिपत्रात हे नव्हतं गं," ते मावशीला हळूच म्हणाले. मला तर रडूच यायला लागलं. मावशी पाठ फिरवून घराकडे निघून गेली.

परत आली ती दोन गड्यांच्या डोक्यावर आपला पाटा देऊन. माहेरचा पाटा! त्याला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

"ठेवा ह्याच्याखाली."

"अगं, तडकेल!"

"तडकू दे. तुम्ही दाबा."

काकांनी दाबला. आणि उचलली की हो! मोटार उचलली! टोप्या उडाल्या, लोक नाचायला लागले, हसणारेच आता सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते.

चाक बदललं. साहेब खूश होऊन म्हणाला, "काय पाहिजे, बोला." काका म्हणाले, "आपण खोडाळ्यालाच निघालात. आमच्या मंडळींना तेवढं माहेरी सोडा." जागा एकाचीच होती. मावशी अडखळली, "अहो, आपली येईल तेव्हा जाईन की."

"बस गं. वडील वाट बघत असतील."

मोटार वळणाआड गेली. काका हातात दोरी धरून कितीतरी वेळ उभे होते. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत मला म्हणाले, "चाक सरळ फिरत होतं, पाहिलंस ना?"

खोडाळ्याला वडिलांनी दारातली मोटार हातानं चाचपून पाहिली म्हणे, आणि विचारलं, "कुणाची गं?" मावशीनं सांगितलं, "तुमच्या जावयाची." साहेबानंही हसून मान डोलावली. हे ऐकून काका दिवसभर रेडकाची चाकं पुसत बसले. दुसऱ्या दिवशी हवा भरायच्या पंपांचं सूचिपत्र मागवलं!

मोटार काही आली नाही. आता काकाही नाहीत. मावशी खंडेनवमीला त्या गंजक्या रेडकाला अजून फूल वाहते. रेडकाच्या चाकांनी पाट्याला पडलेल्या खळग्यांत चटणी अडकते, ती बोटानं निपटून काढते. परवा म्हटलं, "मावशी, नवा पाटा आणू?"

"नको रे," ती म्हणाली, "ह्यांच्या मोटारीची एवढीच तर खूण आहे."