शांतवनची आखूड प्रार्थना

शांतवन खंडागळे म्हणजे पुसेगावातला मोटारी भरून देणारा माणूस. विहिरीवरची मोटार जळाली की आतली काळी पडलेली तार उपसायची आणि तांब्याची नवी गुंडाळायची, हा त्याचा धंदा. हाताला गुण होता. पण गल्लीत त्याचं नाव झालं होतं ते प्रार्थनेमुळे.

दिवेलागणीला घरची प्रार्थना. सुरुवात अगदी चर्चच्या पाळकांच्या थाटात व्हायची. "हे कृपाळू स्वर्गीय पित्या, आम्ही नम्रपणे तुझ्या चरणी येतो." चरणी आल्यावर मात्र दोन वाक्यांत शांतवन त्या पित्याला थेट पुसेगावात उतरवायचा. "तातेरावच्या मोटारीचं बेरिंग बी गेलंय, ते तुला ठाऊकच हाय. मी त्याला उद्या देतो म्हनलो, पन उद्या काही व्हत न्हाई. ह्या खोट्याची क्षमा कर." कुणाचा राग आला, कुठं दुसरा चहा घेतला, सगळं बैजवार. देवापासून लपवायचं नाही, त्यामुळे घरच्यांपासूनही काही लपत नसे. त्याची बायको सुवार्ता हिला नवऱ्याची खबर तोंडावर कधी मिळाली नाही. मिळाली ती प्रार्थनेत.

लग्न होऊन आली त्याच आठवड्यात या प्रार्थनेपायी तिचं वरण करपलं होतं. तेव्हापासून ती एक डोळा मिटायची आणि एक चुलीकडे उघडा ठेवायची. देव समजून घेतो, वरण घेत नाही, असं तिचं म्हणणं.

भिंतीपलीकडच्या तातेरावांनी तर दूध काढायची वेळच त्यावर बांधली होती. शांतवनचं "हे कृपाळू" ऐकू आलं की ते म्हशीखाली बसायचे. "दोन म्हशी व्हतात बराबर, मंग आमेन येतं," असं ते पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे.

आणि अशा माणसाच्या गळ्याला, उजव्या जबड्याखाली, गाठ आली.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी ती चाचपली. म्हणाले, "बहुधा काही नसेल. पण नांदेडला जाऊन तुकडा तपासून घ्या." बाकी सगळं शांतवन दवाखान्याच्या पायरीवरच विसरला, तो 'बहुधा' तेवढा सोबत एसटीत चढला. घरी लेक रुपा बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले. तिच्या कानावर जाता कामा नये, आणि सुवार्ताला सांगितलं की तिच्या चेहऱ्यावरून रुपाला कळणारच. तेव्हा कुणालाच सांगायचं नाही, असं त्यानं खिडकीशी बसून ठरवून टाकलं. एसटीत ते फार सोपं वाटलं.

घरी पोचला, दिवा लागला, आणि त्याच्या ध्यानात आलं. प्रार्थना. "हे पित्या" म्हटलं की त्याची जीभ उताराला लागायची. तिला ब्रेक असा नव्हताच कधी. गाठीचं बोलावं तर घराला कळणार. न बोलावं, तर सगळ्यांदेखत देवाशीच लबाडी.

"पित्या, तुझे आभार. तुला सगळं ठाऊक हाय. आमेन."

डोळे उघडले तर मायलेकी त्याच्याकडे टकामका बघत होत्या.

"बाबा, आज फ्यूज उडाला का तुमचा?" रुपा म्हणाली.

पलीकडून तातेरावांचा आवाज आला. "शांतवन, काहून बा? माही तर पहिलीच म्हैस चालू हाय. तब्येत बरी हाय ना?"

"घसा धरलाय जरा," तो ओरडला, आणि गाठीच्या इतक्या जवळचं बोलून गेलो म्हणून त्यानं जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी संशय नको म्हणून त्यानं प्रार्थना लांबवायची असं ठरवलं. धरणांसाठी मागितलं, सेनगाव तालुक्यातली गावं नावानिशी घेतली, तातेरावांच्या म्हशींसाठीही मागितलं. पण "आता आमच्या घरासाठी" म्हणायला आणि हात आपोआप जबड्याखाली जायला एकच गाठ पडली. तिथूनच आमेन.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "उद्या नांदेडला जाऊन येतो. तार आनायची हाय."

"तार तर हिंगोलीत भेटते," सुवार्ता म्हणाली.

"चांगली भेटत न्हाई."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'नं त्याला डॉक्टरांच्या 'बहुधा'पेक्षा जास्त घाबरवलं. दिवा लागला तशी त्यानं पळवाट काढली. "आज तू कर प्रार्थना."

सुवार्तानं पदर सावरला. तिची प्रार्थना म्हणजे तिच्या स्वयंपाकासारखी, मोजकी.

"पित्या, उद्या हे तार आनायला चाललेत. तार लई जड असती, एकट्याला झेपायची न्हाई. तवा आमा दोघांना गाडीत शेजारी शेजारी जागा दे. रुपाजवळ तातेरावाच्या घरच्या शालूबाई बसनार हायेत, त्यांना म्या सांगून ठेवलंय. आन् पित्या, दोन दिस झाले, ह्यांचा हात जिथं सारखा जाऊन राहिला, तिथं तुझा बी हात जाऊ दे. येशूच्या नावानं मागते."

शांतवनच्या मिटल्या डोळ्यांपुढे एकदम तो तिचा उघडा डोळा आला. इतकी वर्षं तो समजत होता की तो डोळा वरणावर असतो.

दुसऱ्याच्या प्रार्थनेत मधे बोलता येत नाही. आणि शेवटी आमेन म्हणावंच लागतं. आमेन म्हणजे तसंच होवो. म्हणजे त्याची सही.

रुपा आमेन म्हणाली. सुवार्ता थांबून राहिली.

"आमेन," तो म्हणाला. इतक्या हळू, की भिंतीपलीकडे गेला नसावा.

मग कुणी उठायच्या आत त्यानं पुन्हा सुरुवात केली. "हे कृपाळू स्वर्गीय पित्या…" पलीकडे बादली सरकल्याचा आवाज झाला. शांतवननं बेरिंगचं सांगितलं, चहाचं सांगितलं, आणि म्हणाला की मला लई भ्या वाटून राहिलंय, कशाचं ते तुला ठाऊक हाय. एवढं बोलून त्यानं हळूच डोळा किलकिला केला.

सुवार्ताचे दोन्ही डोळे मिटलेले होते.

"आई, वरण लागून राहिलं," रुपा कुजबुजली.

"लागू दे," सुवार्ता म्हणाली.