नाक्यावर वाचलेली कादंबरी

"एक हर्फ बी छोडी तो इसकू बीड ले जातूं," अमीन म्हणाला आणि कादंबरी त्याने माझ्या तोंडापुढे धरली. "पढ."

हर्फ म्हणजे अक्षर, आणि 'इसकू' म्हणजे माझ्या मालकांना. ते आमच्याच गाडीच्या चाकाला बांधलेले होते. हात मागे, चऱ्हाटही आमचंच. पाठीवर पट्ट्याचा वळ उठला होता आणि रोहिला शिपाई तोच पट्टा हाताला गुंडाळून उभा होता. ऊन डोक्यावर आलं होतं. बैल सोडलेले नव्हते, ते जू घेऊन तसेच उभे होते.

नगरच्या वाटेवरचा हा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. पलीकडे इंग्रजाचं राज्य, अलीकडे निजामाचं. आम्ही नगरहून मीठ भरून घरी निघालो होतो. नाकेदाराने पोत्यांना सळई टोचून बघितली आणि हात झटकले. एरवी तेवढ्यावर सोडत. त्या दिवशी पोलिसांचा साहेब, म्हणजे अमीन, तिथे बाजेवर बसला होता. हद्दीपलीकडून बंदुकीची दारू येते अशी आवई उठलेली होती. त्याने माझं गाठोडं सोडायला लावलं. लुगड्याच्या घडीतून दोन कादंबऱ्या निघाल्या. एक त्याने चाळून धुळीत टाकली. दुसरीत चित्र होतं. डोंगरावर उभी केलेली लांब नळी, तोंड आभाळाकडे, बुडाशी दारूची पिंपं आणि वात पेटवणारा एक माणूस.

"तोप," अमीन म्हणाला.

"तोफ न्हाई साहेब, पावसाचं यंत्र हाय," मी म्हणाले. "ढगात दारू उडवली की पाऊस पडतो. गोष्ट हाय नुसती."

"पानी बरसाना अल्ला का काम है. तुमे बैलगाडी वाले कब से बरसाने लगे?"

मालक काहीतरी बोलायला गेले, तेव्हा तो पट्टा बसला होता.

बीडला नेणं म्हणजे काय, हे आम्हाला सांगायला नको होतं. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या एका सुताराला संशयावरून नेलं होतं. तो परत आला तो गाडीत आडवा. पुन्हा उठला नाही.

आता ही पुस्तकं माझ्या गाठोड्यात कशी आली ते सांगते. मी माहेरी चौथीपर्यंत शिकले होते. सासरी आल्यावर गावच्या मास्तरांनी मला एक कादंबरी वाचायला दिली. लोखंडाच्या पाळण्यात बसून, मोठं चाक फिरवून माणसं चंद्रावर जातात, अशी ती होती. असल्या पुस्तकांना मास्तर शास्त्रीय कादंबऱ्या म्हणायचे. मी ती संध्याकाळी चुलीपाशी वाचायची, मालक आणि सासूबाई ऐकायच्या. सासूबाई म्हणाल्या, "चंद्रावर कशाला मरायला गेले? पाणी हाय का तिथं?" मालक गाडीवान. त्यांनी वेगळंच विचारलं. "एवढं मोठं चाक फिरतंय तर वंगण कशाचं घालत्यात?"

मी पुस्तक उलटंपालटं केलं. वंगणाचा शब्द नव्हता. मालक म्हणाले, "मंग तो चंद्रावर गेलेला न्हाई. लिहिणारा घरातच बसला हाय."

त्या दिवसापासून मला तसल्या कादंबऱ्यांचा नाद लागला. एक वाचली की त्याच जातीची दुसरी हवी. मालक भाडं घेऊन नगरला जात, तिथे जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. त्यांना अक्षर येत नव्हतं. मी सांगितलं, चित्र बघून आणा. राजा दिसला, रडणारी बाई दिसली तर ठेवून द्या. यंत्र दिसलं तर घ्या. अशा दोन-तीन चांगल्या आल्या. एकदा त्यांनी चरकाचं चित्र बघून उसाच्या लागवडीचं पुस्तक आणलं. सासूबाई ते ऐकून म्हणाल्या, "ही बेस हाय. हिच्यात काहीतरी खरं हाय."

चार-पाच वाचून झाल्यावर मला एक कळलं. कच्च्या कादंबरीत यंत्र कधी बिघडत नाही. कळ दाबली की चाललं. ज्याने खरोखर विचार केलेला असतो, त्याचं यंत्र मध्येच अडतं आणि कशाने अडतं तेही तो सांगतो. मला आता तसली हवी होती. हे चित्रावरून कळण्यासारखं नव्हतं, म्हणून त्या खेपेला निवडायला मीच गाडीवर बसले. सासूबाईंना सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचंय.

दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाई, व्रतांची पोथी तिकडं आहे."

"पोथी घरी हाय," मी म्हणाले. "यंत्राच्या कादंबऱ्या दाखवा."

त्याने एक ढीग पुढे लोटला. दोनच घ्यायच्या होत्या. मी पहिलं पान बघायचं नाही असं ठरवून गेले होते. पहिल्या पानावर सगळेच लेखक छान लिहितात. सरळ मधलं पान उघडायचं. एकीत मंगळावर अप्सरा नाचत होत्या. ती कादंबरी नव्हे, तमाशा. बाजूला ठेवली. एकीत शोध लावणारा दर पानाला भाषण करत होता. तीही ठेवली. एकीत जमिनीखाली गाव होतं आणि तिथला वारा कोंडला म्हणून माणसं भोक पाडत होती. ती घेतली. मग ही पावसाची. मधल्या पानावर नळीचा गुडदा, म्हणजे बूच, ओला राहून फुगल्याने नळी फुटते, असं लिहिलेलं होतं. मी मालकांना वाचून दाखवलं.

"वंगण?" त्यांनी विचारलं.

मी पान उलटलं. "एरंडाचं तेल लिवलंय."

"घे मंग. हा माणूस गाडीखाली वाकलेला हाय."

नाक्यावर अमिनाने मात्र पहिलं पान उघडलं. त्याचा मुन्शी तेलंगणातला होता. त्याला बाळबोध अक्षर येत होतं, पण ओळीखाली बोट सरकवत एकेक अक्षर लावावं लागे आणि अर्थ लागत नसे. तो माझ्या शेजारी उभा राहिला आणि त्याने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

तो शब्द माझ्या मालकांचं नाव होता.

कादंबरीतल्या शोध लावणाऱ्याचं आणि त्यांचं नाव एकच. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. काढलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं म्हणतात. उखाण्यात काय घेतलं असेल तेवढंच. एरवी त्या नावाचा देव असला तरी आम्ही देवाचं नाव फिरवून घेतो. मी विचार केला नाही, तोंडानेच आपला रस्ता धरला. मी वाचलं, "हे रसायनविद्येत पारंगत असून..."

"रुक," मुन्शी म्हणाला. "यहां तीन हर्फ हैं. ये एकीच बोली."

"फिर से," अमीन म्हणाला.

मी पुन्हा वाचलं. पुन्हा 'हे' आलं. मुन्शीने मान हलवली. अमिनाने शिपायाकडे नुसतं बघितलं आणि दुसरा पट्टा बसला.

"वाच की गं!" मालक ओरडले. "कावून थांबलीस? जोडाक्षर आलं का?"

"जोडाक्षर न्हाई."

"मंग काय आलंय?"

"तुमीच आलाय," मी म्हणाले.

त्यांना काही कळेना. नाकेदार आमच्याच भागातला होता, त्याला कळलं असावं. पण तो अमिनापुढे तोंड उघडायला तयार नव्हता. खाली बघून मिठाची पोती मोजत बसला.

"साहेब, तिथं माझ्या मालकाचं नाव हाय," मी म्हणाले. "आमाला घेता येत न्हाई."

मला वाटलं, एवढं सांगितलं की सुटलं. झालं उलटं. मुन्शीने आत जाऊन नाक्याची वही आणली. त्यात आल्या-आल्या मालकांनी स्वतःच नाकेदाराकडून बाळबोधात आपलं नाव लिहवलं होतं. त्याने वहीतलं नाव आणि पुस्तकातलं नाव शेजारी धरलं. अक्षराला अक्षर लागलं.

अमीन बाजेवरून उठला. "अब समझा. तोप की किताब, और उसमें इसीच का नाम. इसके वास्ते छुपारी थी. बांधो इसके बैलां बी. बीड चलो."

"साहेब, एक नावाची लई माणसं असत्यात!"

"हौ, बीड में बी लई हैं. उनोंच पैचानेंगे."

शिपाई बैल सोडायला लागला. मालक आता गप्प झाले होते. त्यांचं ओरडणं चालू होतं तोवर मला धीर होता. मान खाली घालून ते चाकाला टेकले, तेव्हा तोही गेला.

सुटायचं तर पुस्तकातला माणूस दुसरा आहे हे दाखवायला हवं होतं. कशाने दाखवणार? मी ती कादंबरी पुरती वाचलेली नव्हती. मधलं पान तेवढं माहीत होतं. पण त्या जातीच्या जेवढ्या मी वाचल्या होत्या, त्या सगळ्यांचा शेवट एका वाटेने जायचा. ज्याने यंत्र केलं तो यंत्रापायीच मरतो. चंद्रावर गेलेलाही परतला नव्हता. ह्या लेखकांना एवढं मोठं यंत्र केल्यावर त्या माणसाचं पुढे काय करायचं ते सुचत नसावं. ह्यानेही तेच केलं असेल तर वाटच होती. केलं नसेल तर अमिनाला आणखी एक पुरावा मीच माझ्या तोंडाने देणार होते.

"साहेब, शेवटचं पान वाचते," मी म्हणाले. "मुन्शीला बोट ठिवू द्या. एक अक्षर सोडलं तर मलाबी बीडला न्या."

अमिनाने पुस्तक दिलं. मी ते मागून उघडलं. ओळीवरून डोळा फिरवला आणि मला ते दिसलं. दिसल्यावर पहिल्यांदा सुटकेसारखं वाटलं, आणि लगेच कळलं की आता हे मोठ्याने वाचायचं आहे. नुसतं नाव नाही, नावापुढचंही. सवाष्णीने, भर उन्हात, नवऱ्याच्या समोर.

मी वाचलं. नाव स्पष्ट घेतलं. त्याच्यापुढे "आपणच पाडलेल्या पावसाच्या लोंढ्यात मरण पावला" हे घेतलं. मुन्शीचं बोट अक्षरामागून अक्षर सरकत गेलं आणि शेवटच्या उभ्या रेघेवर थांबलं.

"बराबर है," तो म्हणाला.

"मरण बोले तो मरनाच ना?" अमिनाने विचारलं.

"हौ," मी म्हणाले. "किताबातला मेला, साहेब. ह्यो जित्ता हाय. तुमच्याच पट्ट्याखाली उभा हाय."

अमिनाने जवळ जाऊन मालकांची हनुवटी बोटाने वर केली.

"तेरी घरवाली तेरेकू मार डाली रे," तो म्हणाला. शिपाई हसला, म्हणून मुन्शीही हसला. "मरे सो आदमी का क्या चालान करूं. छोडो."

पावसाची कादंबरी त्याने ठेवून घेतली. धुळीतली मी उचलली. चऱ्हाट सोडताना गाठ आवळली होती, ती मला दातांनी काढावी लागली.

नाका दिसेनासा झाला. मग मालक म्हणाले, "नाव घेतलंस माझं."

"घेतलं."

"मारलंस बी."

"मारलं. न्हाईतर त्यांनी मारलं असतं."

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "पाऊस पडला म्हण की."

"पडला."

"मंग यंत्र चाललं. एरंडाचं तेल सांगितलं होतं त्याने, चालणारच." आणि पाठ गाडीच्या दांडीला लागू नये म्हणून ते पुढे सरकून बसले.

घरी सासूबाईंनी पाठ बघितली, हळद लावली, आणि काय घडलं ते ऐकल्यावर हळदीची वाटी माझ्या अंगावर फेकली. "तुझ्या जिभेला हाड न्हाई. पोटच्या पोराला माझ्या खाल्लंस तू." मी अंबाजोगाईच्या देवीची ओटी भरून येईपर्यंत त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. आल्यावरही रोज सकाळी आधी लेकाचा श्वास बघायच्या, मग चूल पेटवायच्या. त्यांची भीती खोटी नव्हती. मीही काही रात्री बघितला.

जमिनीखालच्या गावाची कादंबरी चांगली निघाली. तीत शोध लावणारा मरत नाही. तशी मी वाचलेली ती पहिलीच. त्यानंतर निवडायला मीच जाऊ लागले आणि दुकानात आधी शेवटचं पान बघू लागले.

त्या नाक्यावरचा अमीन कुठे गेला मला माहीत नाही. निजाम गेला, नाका गेला. सासूबाई गेल्या, त्यांना अग्नी लेकानेच दिला. मालक त्यानंतर नातवाचं लग्न लावून, म्हातारे होऊन, अंथरुणात मेले. मी अजून आहे.