शेवाळाची बाटली

सेलूतल्या ज्या खत-औषधांच्या दुकानात मी कामाला आहे, तिथे तो म्हातारा एकदाच आला. बायकोचं मनगट त्याने घट्ट धरलं होतं. "सोडलं की निघून जाते. घर आठवत न्हाई तिला," तो आपणहून म्हणाला.

मग त्याने समुद्री शेवाळाच्या अर्काकडे बोट दाखवलं. कापसावर फवारतात तो. "मोबाईलवर ऐकलं, शेवाळातून इसरण्याच्या आजारावर औषध निघायलंय. हिला किती टोपणं पाजू?"

मी सातवीत शाळा सोडलेला, पार कोकणातून आलेला. शेवाळ म्हणजे आमच्याकडे पायाला चिकटणारी घाण. पण बाटलीवरचं वाचता येत होतं.

"मामा, हे फक्त पिकाचं. पाजू नका. माणसाचं औषध अजून शोधतायत. निघेल की नाही, कुणालाच माहीत नाही."

त्याने बाटलीकडे दाखवलेलं बोट मागे घेतलं. "म्हणजे कापसाची सोय आधी झाली," तो म्हणाला. "माणसानं वाट बघायची."

त्याने पाजायच्या आधी विचारलं, आणि माझ्यासारख्याचं ऐकलं, हे त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण त्याची आशा मी काढून घेतली, आणि बदल्यात द्यायला भरल्या दुकानात माझ्याकडे काही नव्हतं.

पायरी उतरताना बायकोने विचारलं, "मिळालं का औषध?"

"मिळालं."

"कोण आजारी हाय?"

"मीच गं."

ती थांबली आणि त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघू लागली.