काळ्या कागदाचा कंदील

मे महिन्यातल्या त्या सकाळी नवऱ्याने गणवेश चढवला, छोटी बॅग उचलली आणि "येतो दोन-तीन दिवसांत" म्हणाला. कुठे जातोयस, हे विचारायचं नसतं. हवाई दलातल्या माणसाशी संसार करून एवढं शहाणपण मला आलं होतं. सासूबाई मात्र उन्हाळ्यापुरत्या कोल्हापूरहून आमच्याकडे आल्या होत्या, त्यांना हे सगळं नवीन. त्या जिन्यापर्यंत गेल्या. "अरे, पण नक्की जातोयस कुठं?" तो हसला, वाकून त्यांच्या पाया पडला आणि उतरून गेला. एरवी सुट्टी संपवून गावाहून निघताना त्याला पाया पडायची आठवण करून द्यावी लागते. हे आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं आणि दोघींनीही ते एकमेकींपासून लपवलं.

सीमेपलीकडून हल्ल्याची भीती होती, म्हणून त्या दिवसांत आमच्या चंडीगडमध्ये संध्याकाळी सायरन वाजायचा आणि सगळे दिवे घालवावे लागायचे. पहिल्यांदा वाजला तेव्हा मला तो इंडस्ट्रियल एरियातल्या कुठल्या कारखान्याचा भोंगा वाटला. मी इचलकरंजीची. भोंगा म्हणजे पाळी सुटली, वडील आता घरी येणार, असंच माझ्या डोक्यात बसलेलं. मग खालून ओरडा सुरू झाला, "लाइट बंद करो जी, लाइट बंद करो!" आणि मी धावत जाऊन सगळी बटणं बंद केली.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या मोहालीतल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून काळे कार्डशीट आणले आणि घरातल्या सगळ्या खिडक्यांना आतून चिकटवले. कडेला बोटभरही फट ठेवली नाही. ब्लॅकआउट झाला की आम्ही तिघी पॅसेजमध्ये बसायचो, कारण तिथे खिडकी नाही. तिथेच भिंतीला लागून आमची मोठी काळी ट्रंक असते, प्रत्येक बदलीला आमच्यासोबत फिरलेली, झाकणावर नवऱ्याचं नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात. तिला टेकून सासूबाई जप करायच्या. बारा वर्षांची माझी मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून अफवा वाचायची. "मम्मा, ये लोग बोल रहे हैं कि..." मी मोबाइल काढून घेतला. ती रुसली. "जरा प्रेमानं सांगावं गं," सासूबाई म्हणाल्या, तर मी त्यांच्यावरही खेकसले. नवऱ्याचा फोन लागत नव्हता आणि त्या घरात कुणीच कुणाशी नीट बोलत नव्हतं.

कार्डशीट कापून उरलेल्या पट्ट्या माझ्या मांडीवर पडलेल्या असायच्या. एका संध्याकाळी हात रिकामे ठेववेनात म्हणून मी एक पट्टी चार घड्या करून अंधारातच कात्रीने कापली. काय कापतेय ते दिसत नव्हतं. मग टॉर्चवर ओढणी टाकून त्या मिणमिणत्या उजेडात कागद उलगडला. त्यातून लांब कानांचं, ढेरपोटं, चार पायांचं काहीतरी निघालं.

"ये क्या है? मेंढक?" मुलीने विचारलं.

"बेडूक नाही, तुझे बाबा आहेत. परेडला निघालेत."

ती फसकन हसली. मग मीही हसले आणि ते हसू आवरेना. तिने दुसरी पट्टी उचलली. तिचं जे निघालं त्याला तीन डोकी होती. "ये आप हो, मम्मा, जब डाँटती हो." आम्ही दोघी तोंडावर हात दाबून हसत होतो, आणि जपाची माळ थांबली.

"हसायची वेळ आहे का ही?" सासूबाई म्हणाल्या. "माझं पोर कुठं आहे ते ठाऊक नाही, आणि तुम्ही दात काढताय."

मला कानफटात बसल्यासारखं झालं. कारण तेवढा वेळ मी त्याला खरंच विसरले होते. विसरले होते म्हणून तर जरा श्वास घेता आला होता. मी कात्री ट्रंकवर ठेवली. पण ती रात्रभर डोळ्यांसमोर होती, हे कबूल करायला हवं.

लहानपणी आमच्या गल्लीत दिवाळीचा आकाशकंदील विकत आणणं म्हणजे कमीपणा. वडील बांबूच्या काड्या तासून द्यायचे, आई खळ शिजवायची आणि कापाकापी माझी. माझा कंदील गल्लीत सगळ्यात वाकडा असायचा आणि मला तोच सगळ्यात देखणा वाटायचा. पुढे लग्न झालं, बदल्या सुरू झाल्या. प्रत्येक गावी लेडीज क्लबात कुणीतरी मला पकडायचं, "तुझा हात चांगला आहे, स्टेजची सजावट तूच कर." मी थर्मोकोलची स्वागताची अक्षरं कापली, पट्टी लावून, मोठ्या साहेबांच्या मॅडमना आवडतील त्या रंगात. सगळी सरळ. वाकडं कापायची माझी छातीच राहिली नव्हती. सजावटीच्या सामानाचा एक खोका मात्र गावोगाव आमच्यासोबत फिरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई पडल्या होत्या. फोन अजून लागत नव्हता. मला घरात बसवेना आणि बाहेर जाववेना. पट्ट्या संपल्या होत्या. मी हॉलच्या खिडकीचा काळा कागद सोडवला, जमिनीवर पसरला, घड्या घातल्या आणि कापत सुटले. करंज्या, पानं, वाकडे मोर, एक ट्रंक, तीन डोक्यांची बाई. मुलगी शेजारी येऊन बसली. "मैं भी करूँ?" मी अर्धा कागद तिच्याकडे ढकलला. तिने विमान कापलं. त्याचा एक पंख आखूड झाला. मी नेहमीसारखं नीट करायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

नक्षी कापून झाल्यावर मी सजावटीच्या खोक्यातून जिलेटिन काढलं, लाल, पिवळं, हिरवं, आणि एकेका भोकामागे चिकटवत गेले. नक्षी झाली की मागे रंगीत कागद, हे हातांनाच पाठ. कागद परत खिडकीला लावला, तेव्हा दुपारचं ऊन त्यातून आत आलं आणि हॉलभर रंग सांडले. पोरगी त्यात पाय ठेवत फिरली. मी कितीतरी दिवसांनी खूश होते, अगदी उघडउघड खूश. कागद खिडकीला कशासाठी लावला होता, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

तिन्हीसांजेला सासूबाईंनी देवापाशी समई लावली. देवघर हॉलमध्येच, खिडकीसमोर. खिडकीकडे बघून त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि जपाला बसल्या. सायरन वाजला. मी धावत जाऊन दिवे घालवले. आम्ही पॅसेजमध्ये येऊन टेकतोय तोच खालून आवाज आले.

"ओ तीसरी मंज़िल! लाइट! लाइट बंद करो!"

"कोण वेडं आहे?" मी म्हणाले आणि हॉलमध्ये डोकावले. सगळ्या काळ्या कॉलनीत एकच खिडकी लाल-पिवळी उजळली होती, ती आमची. समईच्या ज्योतींनी मोरसुद्धा हलत होते. मी दिवाळीचा कंदील लावून ठेवला होता.

"आई, समई विझवा!"

"नाही."

"आई, लोक ओरडताहेत!"

"ओरडू देत. माझा मुलगा बाहेर आहे आणि मी देवापुढचा दिवा विझवू? तू विझवशील?" त्या समईसमोर उभ्या राहिल्या. "तुझ्या हातानं विझव बघू."

माझ्याच्याने होईना. मी दिवे, शकुन, असलं काही मानत नाही, असं चारचौघांत छातीठोकपणे सांगते. त्या क्षणी मात्र माझा हात पुढे होईना. कागद फाडावा तर उघडी काच, उजेड आणखीच बाहेर जाणार. खाली कुणीतरी जिना चढायला लागलं होतं. मुलगी रडायच्या बेताला आली, "मम्मा, कुछ करो ना!"

मी पॅसेजकडे पळाले. ट्रंक उघडली, आतल्या रजया दोन्ही हातांनी उपसून बाहेर फेकल्या. "आणा ती इथे," मी ओरडले. सासूबाईंना कळलं. वात न हलू देता, श्वास रोखून, त्यांनी समई आणली आणि आम्ही दोघींनी मिळून ती रिकाम्या ट्रंकेत उभी केली. झाकणाखाली लाटणं दिलं, म्हणजे हवा राहील. हॉल काळाकुट्ट झाला. दाराशी आलेल्या शेजाऱ्यांची मी माफी मागितली. ते बिचारे म्हणाले, "कोई ना जी, ध्यान रखो," आणि गेले.

मी परत आले तेव्हा आमची दोघींची नजरानजर झाली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. माझ्या खेळापायी सगळ्या कॉलनीचा जीव टांगणीला लागला होता. ऐकायची माझी तयारी होती.

सासूबाईंनी हात पुढे केला. "कात्री दे."

त्यांनी खाली पडलेला एक तुकडा उचलला, दुमडला आणि बराच वेळ कापत बसल्या. मग झाकण जरा वर करून तो तुकडा ट्रंकेच्या तोंडावर धरला. पॅसेजच्या छतावर एक मोठी, गोल डोक्याची सावली पडली, कान बाहेर आलेले.

"लहानपणी अस्से होते त्याचे कान," त्या म्हणाल्या, आणि हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या. मुलगी त्यांना जाऊन बिलगली. मी दोघींच्या पाठीवर हात ठेवला. ब्लॅकआउट संपेपर्यंत छतावर विमानं, मोर आणि तीन डोक्यांची बाई फिरत होती. कुणालाच झोप यायची नव्हती, आणि कुणी कुणावर खेकसलंही नाही.

दुसऱ्या सकाळीच नवा कागद आणून मी तो हॉलच्या खिडकीला मागून लावला. नक्षी मात्र सासूबाईंनी काढू दिली नाही. "तो आल्यावर उतरवू," म्हणाल्या.

ब्लॅकआउट थांबले. त्यानंतर काही दिवसांनी, एका दुपारी, तो आला. बॅग ठेवली, पाणी प्याला. खिडकीतून रंग पडले होते, कारण मागचा कागद मी आता काढून टाकला होता. मला वाटलं, शिस्तीवर व्याख्यान मिळेल. तो खिडकीपाशी गेला आणि विमानाच्या आखूड पंखावरून त्याने बोट फिरवलं.

"मला वाटत होतं, तुम्ही सगळ्या रडत बसला असाल."

"बसलोच होतो," मी म्हणाले. "हातात कात्री घेऊन."

त्याने बूट काढले, ट्रंकेपाशी जमिनीवर बसला आणि कात्री उचलली. कागदाची घडी त्याने दोनदा घातली आणि दोन्हीदा ती निसटली. आम्ही तिघींनी ते पाहिलं. मुलगी त्याच्याशेजारी जाऊन बसली, तिने एक कागद घेतला आणि त्याच्यासाठी नीट चार घड्या घालून दिल्या.