निळी जीभ

साठ साल उलटलं होतं तेव्हा नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सेठच्या पेढीवर मी कामाला होतो. तिथं लाल माशांची एक काचेची पेटी होती. सेठ मासळीचा वास आला तरी नाक धरणारा, पण मुंबईत कुणी तरी त्याला सांगितलं, पेढीवर लाल मासे असले की बरकत राहते. सुरतेच्या गाडीनं मासे आले. पाणी बदलायचं, दाणा घालायचा, हे काम माझं. माझी शाळा चौथीतून सुटली. ही नोकरी आबानं, म्हणजे माझ्या बापानं, सेठपुढे हात जोडून मिळवलेली. पहिल्याच दिवशी सेठनं बजावलं होतं, "मासे मेले तर तू घरी."

हिवाळ्यात माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. मासे तळाच्या खड्यांवर अंग घासायला लागले. कपाटात त्यांच्या औषधाची निळी बाटली होती. पेढीचे हिशेब लिहिणाऱ्या मेहताजींनी चष्मा पुसून तिच्यावरचा कागद वाचला.

"याची मुदत गेली. फेकून दे. सुरतेहून नवी मागवू."

आता आमच्या घरी माळ्यावर तुपाचं एक मडकं होतं, माझ्या जन्माआधीचं. तूप काळं पडलेलं, उग्र वासाचं. बैलाचा खांदा सोलला की त्यातलं, पोराची छाती भरली की त्यातलं. आई बोटभरच काढायची. जितकं जुनं तितकं गुणाचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. औषध जुनं झालं म्हणजे मुरलं, असा मी हिशेब केला. शिवाय नवी बाटली येईस्तोवर मासे टिकणार नाहीत हे मला दिसत होतं. संध्याकाळी जवळजवळ सगळी बाटली पेटीत ओतली.

सकाळी पाणी शाईसारखं आणि मासे पोट वर करून तरंगत होते.

सेठ ओरडला नाही. गादीवर बसल्या बसल्या विचारलं, "का टाकलं?" मी तुपाचं सांगितलं. पेढीवर कापूसवाले बसले होते, ते हसले. मला राग आला. म्हणालो, "औषध चांगलंच होतं. मासेच आधी गेलेले होते."

"चांगलं होतं?"

"चांगलंच."

"बाटलीत राहिलंय का काही?"

तळाला थोडं होतं.

"मग पी."

त्याला वाटलं, मी पाया पडेन. मी बाटली उचलली आणि रिकामी केली. कडू जहर. जीभ, दात, ओठ, सगळं निळं. सेठ खदाखदा हसला. "वा रे किसन भगवान!"

त्यानं मला काढलं नाही. जो व्यापारी येई त्याला म्हणे, "आमचा नवा मासा पाहिला का? जीभ दाखव रे." एकदा दाखवली, पुन्हा दाखवली. लघवीही निळी-हिरवी झाली. ती हमालांनी पाहिली आणि पेढीवर जाऊन सांगितलं. दुपार कलल्यावर मी ठरवलं, आता तोंड उघडायचं नाही.

तेवढ्यात आबा कापसाची गाडी घेऊन आला. गाडी वजनकाट्याच्या रांगेत लावून तो सेठला रामराम करायला पेढीवर चढला.

"या पाटील," सेठ म्हणाला. "तुमच्या पोरानं माझे मासे मारले. जीभ दाखवली तर नोकरी राहील. नाही तर गाडीत घालून घरी न्या."

मी ओठ मिटून उभा.

"दखाड ना रे," आबा म्हणाला.

मी मान हलवली.

"आरे, सेठ हासी ऱ्हायना, मारी नही ऱ्हायना. दखाड!"

मी तसाच. मग आबा माझ्याकडे आला. बाजारात बैलाचे दात बघताना एका हातानं नाकपुड्या धरतात आणि दुसऱ्या हाताची बोटं जबड्याच्या कोपऱ्यात घालतात. तसं त्यानं मला धरलं. बोंडांनी खरबरीत झालेली त्याची बोटं गालाच्या आत बोचली. तोंड उघडलं. त्यानं जीभ चिमटीत धरून बाहेर ओढली.

"ल्या, दखा सेठ. पक्का रंग शे!"

सगळी पेढी हसली. सगळ्यात मोठ्यानं आबा हसला. त्याचा कापूस अजून काट्यावर चढायचा होता, आणि ओला म्हणून परत लावणं सेठच्या हातात होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. कळून तोंडातली बोटं काही निघत नव्हती.

सेठनं डोळे पुसले. "राहू दे याला. नवे मासे मागवू."

मी हातातलं फडकं पेटीत टाकलं आणि फाटकाबाहेर पडलो. प्रकाशा गावाच्या रस्त्यानं घराकडे चालत निघालो. काही वेळानं आबाची रिकामी गाडी मागून आली आणि पुढे गेली. त्यानं बैल थांबवले नाहीत. मीही हाक मारली नाही.

घरी पोचलो तर आबा जेवत होता. माझ्याकडे न बघता तो धाकट्या भावाला म्हणाला, "सकायमा आंघोय करीसन तयार ऱ्हाय. सेठकडे जानं शे तुले. हाऊ तोंड उघाडत नही. तू उघाडजो."

भाऊ पेढीवर गेला. नवे मासे यायचे होते, तोवर सेठनं त्याला पेटीचा निळा डाग घासायला बसवलं.