इरकली लुगड्याची घडी

परवा सकाळी दूध संपलं म्हणून मी गाऊनवरच खाली उतरले. खांद्यावर टॉवेल टाकला, म्हणजे लाज राखली. आमच्या सोलापुरात टॉवेलांना काय तोटा! दुकानात माझ्यासारख्याच तिघी गाऊनमध्ये उभ्या होत्या आणि एक वयस्कर गृहस्थ अर्ध्या चड्डीत पनीर मागत होते. कुणाला कुणाचं काही वाटत नव्हतं. मलाही वाटायला नको होतं. पण परतताना मी जिना असा भराभरा चढले, की जणू मागून कुणीतरी हाक मारणार आहे. घरी येऊन चहा केला, तो तसाच ठेवला, कपाट उघडलं, पुन्हा बंद केलं. दिवसभर एका जागी बसवेना.

माझी आई कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची असली तरी लुगडं बदलायची. शुक्रवार पेठेत आम्ही दोन खोल्यांत राहायचो, वडील गिरणीत होते, म्हणजे थाटमाट काही नव्हता. पण घरचं लुगडं वेगळं आणि बाहेरचं वेगळं. घरचं म्हणजे दोन जुन्या लुगड्यांचे चांगले भाग एकत्र शिवून दंड घातलेलं. बाहेरचं धुऊन, खळ देऊन, गादीखाली घडी घालून ठेवलेलं. शेजारचे एक काका पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात मंडईला जायला लागले, तेव्हा आईनं खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "बघ की, हातरुनातनं उठून थेट मंडईत! रस्ता काय ह्यांच्या घरचा हाय?"

लुगडी दुकानातून आणतात, हे मला बरीच वर्षं माहीतच नव्हतं. ती दारात यायची. दिवाळीआधी एकदा आणि लग्नसराईच्या आधी एकदा, सायकलच्या कॅरिअरवर भलंमोठं गाठोडं बांधून लुगडी विकणारे चाचा यायचे. सायकल भिंतीला टेकवून ओट्यावर बसायचे, पाणी प्यायचे, चहा प्यायचे, आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे आणि मग सावकाश गाठ सोडायचे. गाठोड्यात लुगडी चाळीस असोत, आईपुढे ते तीनच टाकायचे. "अक्का, ये तुमनाच रखा मैं," म्हणायचे, म्हणजे खास तुमच्यासाठीच राखून ठेवलीत. आई काठ बघायची, पदर उन्हात धरायची, कोपरा ओला करून तळहातावर घासायची, रंग जातो का बघायला. त्यात अख्खी दुपार जायची. मी तिथंच चुळबुळत बसायची, कारण पुढचं काम माझं होतं.

आमच्याकडे नव्या लुगड्याची घडी नेसणाऱ्या बाईनं स्वतः मोडायची नाही, लेकीनं मोडायची. ज्या दिवशी नेसायचं त्या दिवशी सकाळी अंघोळ करून आई पदराच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावायची आणि ते घडीचं लुगडं माझ्या खांद्यावर ठेवायची. मी ते खांद्यावर उलगडून देवापुढे वाकायची, आईच्या पाया पडायची. मग ती नेसायची. नेसायचा दिवस येईपर्यंत लुगड्याला कुंकू लावायचं नाही. ते लावलं, की त्याच दिवशी नेसायचं. चार वर्षांची होते तेव्हापासून हा माझा मान होता आणि मी तो मिरवायची.

मी नववीत गेले आणि मला काय झालं कोण जाणे. सत्तर सालानंतरची ती वर्षं. नव्या पेठेत काचेची दुकानं झाली होती. 'एकच भाव'च्या पाटीखाली पुतळ्यांना नायलॉनच्या साड्या नेसवलेल्या असायच्या. शाळेतल्या मैत्रिणींच्या आया गोल पाचवारी नेसायच्या आणि माझी आई नऊवारी, काष्टा घातलेली, टाचा दिसणारी. मला तिची लाज वाटायला लागली. हे लिहितानाही तोंड कडू होतं, पण वाटत होती. गॅदरिंगमध्ये मला निबंधाचं बक्षीस होतं, पालकांना बोलावलं होतं. मी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. पाचवारी नेसून येणार असशील तरच ये, म्हणाले. आई म्हणाली, "अगं, मला चालाय तरी जमंल का त्यात?" मी म्हणाले, साऱ्या जगाला जमतं.

शेवटी मीच तिला काचेच्या दुकानात घेऊन गेले. चपला बाहेर काढायच्या की नाहीत हे आम्हा दोघींनाही कळेना. आईनं काढल्या. पोऱ्यानं दहा मिनिटांत वीस साड्या फेकल्या. आईनं सवयीनं कोपरा ओला करायला बोट तोंडाकडे नेलं, आणि मी तिचा हात धरला. आकाशी नायलॉनची साडी घेऊन आम्ही बाहेर आलो. त्या साडीची घडी कुणी मोडली नाही. मी सकाळीच नाटकाच्या तालमीला पळाले होते.

संध्याकाळी माझं नाव पुकारलं तेव्हा मी स्टेजवरून आईला शोधलं. ती शेवटच्या रांगेत ताठ बसली होती. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ती दोन्ही हात पोटाशी धरून नुसती बघत होती. मला इतका राग आला की बक्षीस घेताना मी हसलेसुद्धा नाही. कार्यक्रम संपला, सभागृह रिकामं झालं तरी ती उठेना. जवळ गेले तेव्हा कळलं. नऊवारीला आत परकर लागत नाही. आईनं आयुष्यात कधी लावला नव्हता, तिच्याकडे तो नव्हताच. तिनं कमरेला नाडी बांधून त्यात निऱ्या खोचल्या होत्या. नेहमीसारखी ढांगा टाकत पायऱ्या चढताना टाचेखाली काठ आला आणि सगळ्या निऱ्या सुटून हातात आल्या. दोन तास ती त्या मुठीत धरून बसली होती. "टाळ्या वाजवाय हात मोकळा न्हवता गं," ती म्हणाली. मी तिला रिक्षात बसवून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी मी परकर आणून दिला. माफी मागायला हवी होती. परकर देणं सोपं होतं. आईनं तो लावला आणि त्यानंतर ती पाचवारीच नेसत राहिली, छोटी छोटी पावलं टाकत. मंडईत जाणं मात्र तिनं कमी केलं. पेठेतल्या बाया म्हणाल्या, सुधारली हो! मीही खूश होते.

पुढच्या दिवाळीआधी चाचांची सायकल दारात लागली. मी उंबऱ्यावरूनच सांगितलं, आई आता नऊवारी नेसत नाही. चाचा गाठोड्यावर थोपटून म्हणाले, "अच्छा बेटा." आई आत तांदूळ निवडत होती. ती बाहेर आली तेव्हा सायकल कोपऱ्यावर वळत होती. "गेलं व्हय?" एवढंच तिनं विचारलं आणि तशीच सूप घेऊन उभी राहिली.

मी कॉलेजात गेले. एकदा तास झाला नाही म्हणून भरदुपारी घरी आले. बराच वेळ दार वाजवलं. आईनं उघडलं तेव्हा ती जुन्या, दंड घातलेल्या नऊवारीत होती, काष्टा मारून, भांडी घासून ओल्या हातांनी. मला बघून तिचा चेहरा असा पडला, जणू चोरून काही खाताना सापडली. "वाईच मोकळं वाटतंय म्हनून," ती म्हणाली, "बदलते की आत्ता." म्हणजे रोज मी बाहेर पडले की ती हे नेसत होती आणि मी यायच्या आत सोडत होती.

मला काहीतरी बोलायचं होतं, आणि तोंडातून निघालं, "मग हे फाटकं तरी कशाला?"

तिला ते बरं वाटलं असावं. लगबगीनं तिनं ट्रंक उघडली, तळातून एक लुगडं काढलं. गर्द हिरवं इरकली, लाल टोपपदराचं, कोरं. चाचा आता मी नसताना यायचे. "दोन वर्षं झाली," ती म्हणाली, "पर घडी तुझ्याबिगर कोन मोडनार? तुला सांगाय धीर न्हाई झाला." आणि ते दोन्ही हातांवर धरून ती माझ्यापुढे उभी राहिली.

माझ्याबरोबर आलेली मैत्रीण बाहेर थांबली होती. मी म्हणाले, "उद्या सकाळी मोडते." आई म्हणाली, "व्हय, उद्याच बरं. आंघूळ करून."

दुसऱ्या दिवशी मी उशिरा उठले आणि पळाले. विसरले, खरंच विसरले. तिनं आठवण करून दिली नाही. नंतर माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले. पुढे वडील गेले, मग आई गेली. आम्ही सोलापूरला परत आलो तेव्हा ट्रंक माझ्याकडे आली. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं ते लुगडं मी न सोडताच कपाटात ठेवलं. इतकी वर्षं ते तिथंच होतं. मला ते बघायचं नव्हतं.

परवा दिवसभर येरझाऱ्या घालून संध्याकाळी मी त्या फडक्याची गाठ सोडली. मी अजून त्याच गाऊनमध्ये होते. हिरवा रंग तसाच होता. पदर वर केला तेव्हा कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट दिसलं, वाळून तपकिरी झालेलं. आईनं मला दाखवलं तेव्हा लुगडं कोरं होतं. म्हणजे त्या सकाळी, मी उठायच्या आधी, आई अंघोळ करून, कुंकू लावून तयार बसली होती.