गोजरबाईचा साबण

रोज सांजवात लावली की मी वही उघडते. तिथी, उपास, घरात काय झालं, गावात काय झालं, एवढंच चार ओळींत लिहायचं. साठ सालच्या वहीत एका पानावर मात्र एकच ओळ आहे : 'बाळ आठव्या दिवशी गेलं. सटवाईच्या मनात नव्हतं.'

बारा वर्षं ती ओळ मी खरी मानली. ती खोटी आहे हे मला आमच्या गावच्या सुइणीनं सांगितलं. सांगून ती तोंड लपवून बसली नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहायला घेतलं. गाव तिला उद्धट म्हणतं. म्हणो बापडं.

गोजरबाईचं घर मांगवाड्यात. आई सुईण, आजी सुईण. ठेंगणी, रुंद हाताची, आणि आवाज असा की वेशीपाशी बोलली तर चावडीत ऐकू यावं. नवरा लवकर वारला, पोटी मूल नाही. गावातली निम्मी माणसं पहिल्यांदा रडली ती तिच्या हातांत. तरी तिनं घरात यायचं परसदारानं आणि जायचंही परसदारानं. बाळंतपणापुरता तिचा हात चालायचा, नंतर त्याच हातचं पाणी चालायचं नाही. आम्ही काही वेगळे नव्हतो, हेही इथं लिहायला हवं.

बाळ आलं की घरातल्या विळ्यानं नाळ कापायची, त्यावर चुलीतली राख नि शेण कालवून लावायचं, आणि पाचवीला तोच विळा पाटा-वरवंट्यापाशी मांडून पुजायचा, ही आमच्याकडची रीत. माझ्या मुलाचं तसंच झालं होतं. आठव्या दिवशी त्यानं दूध सोडलं, तोंड मिटलं, अंग लाकडासारखं ताठ झालं. सगळ्या म्हणाल्या, सटवाईनं नेलं.

बहात्तरच्या दुष्काळात बायका तलावाच्या कामावर खडी फोडत होत्या. तिथं पारनेरच्या दवाखान्यातली नर्सबाई आली आणि सुइणींना महिनाभर शिकायला या म्हणाली. बाकीच्या हसल्या. गोजरबाई गेली, पण शिकायला नव्हे. त्या कालच्या पोरीलाच चार गोष्टी शिकवून येते, असं सगळ्यांना सांगून गेली. परतली ती पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत तांबडा साबण, नखं घासायचा ब्रश, दोरा, कापूस आणि कागदात गुंडाळलेली पाती.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर रेशनची मिलो, ती परदेशी तांबडी ज्वारी, निवडत बसले होते. ती पुढच्या दारानं आली. त्याआधी कधी आली नव्हती. उभ्याउभ्याच म्हणाली, "आक्का, तुमच्या पोराला सटवाईनं न्हाई नेलं. माज्या हातानं गेलं."

मग तिनं सगळं सांगितलं. शेणात, राखेत, विळ्याच्या गंजात रोग असतो. ओल्या बेंबीतून तो आत शिरतो. त्याला धनुर्वात म्हणतात, आणि आठवड्याच्या आत-बाहेर तो पोराचा जबडा धरतो. नर्सबाईनं हे सांगितलं त्या दिवशी ही जेवली नव्हती. आपल्या हातची अशी गेलेली पोरं तिनं एक-एक करून आठवली. अकरा भरली.

"अकरा घरं हायेत. तुमचं तिसरं," ती म्हणाली. पहिल्या घरानं तिच्या अंगावर पाणी फेकलं होतं. दुसऱ्या घरानं कुत्रं सोडलं होतं.

मी सूप उचललं, आत गेले, दाराला कडी घातली.

त्या आठवड्यात माझं देवपूजेत मन लागेना. राग कुणाचा करायचा तेच कळेना. मग एका शुक्रवारी दिवा लावताना उमगलं, की बारा वर्षं मी देवीवर आळ घेत आले. दर वर्षी तिला खण-नारळ वाहिला तो भक्तीनं नव्हे, भीतीनं. तिनं माझं काही नेलंच नव्हतं. मी वही काढली आणि ती ओळ खोडली. गोजरबाईला निरोप धाडला, की माघात आमची लेक राही बाळंतपणाला येते आहे, तू यायचं, आणि पेटी घेऊन यायचं.

हे आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, मी सांगितलं नाही. कळलं तेव्हा राहीला कळा सुरू झाल्या होत्या आणि गोजरबाई मोरीत कोपरापर्यंत हात घासत बसली होती. सकाळची न्याहारीची वेळ. चुलीवर पाण्यात पातं आणि दोरा उकळत होता.

"गोजरे, बाळंतपन कराया आलीस का धुनं धुवाया?" आत्याबाई म्हणाल्या.

"आदी धुनं, मंग बाळंतपन," ती म्हणाली आणि घासतच राहिली.

आत्याबाईंनी आतून हळदकुंकू लावलेला विळा आणला. गोजरबाईनं त्याच्याकडे पाहिलं.

"त्यो गवताला ठिवा, थोरल्या बाई."

"चार पिढ्यांच्या नाळा कापल्यात ह्यानं."

"व्हय. आन् तुमच्या नातवाची बी."

आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला. माझ्या दारातनं चालती हो, त्या म्हणाल्या. गोजरबाई उठली नाही. ओले हात वर धरून तशीच बसली आणि म्हणाली, "ह्या विळ्यानं कापाया दुसरं कोन मिळतंय का बगा. माजे हात आता न्हाई मिळायचे."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत आत्याबाईंच्या हातातली वस्तू त्यांनी दिल्याशिवाय मी घेतली नव्हती. त्या दिवशी घेतली. विळा गोठ्यात नेला आणि आढ्याच्या गवतात खोचून आले.

दुपारच्या आत मुलगी झाली. गोजरबाईनं उकळलेल्या दोऱ्यानं नाळ बांधली, उकळलेल्या पात्यानं कापली आणि वर काहीसुद्धा लावलं नाही. आत्याबाई दारातनं बघत होत्या. त्यांना ती उघडी बेंबी बघवेना.

पाचवीला नवाच पेच आला. एक पातं एकाच बाळाला, असं म्हणून गोजरबाईनं ते नाळ-वारेबरोबर पुरून टाकलं होतं. पाट्यापाशी नागवेलीची पानं मांडली, कोरा कागद आणि लेखणी ठेवली, पण पुजायला हत्यार नव्हतं. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या. हत्याराशिवाय सटवाई रुसेल आणि पोरीच्या कपाळी भलतंसलतं लिहून जाईल, असं म्हणत राहिल्या.

मी मोरीत गेले. साबणाची उरलेली वडी आणली, तिला हळदकुंकू लावलं आणि विळ्याच्या जागी ठेवली.

"आता सटवाईला आंगूळ घालतीस व्हय?"

"लिहायला येणार ना ती, आत्याबाई? मग हात धुऊन लिहू दे."

देवीला मी हे हसण्यावारी म्हटलं नव्हतं. मनापासून हात जोडले होते.

आठवा दिवस उजाडला आणि पोरीनं सकाळपासून दूध घेतलं नाही. छातीशी धरलं तरी तोंड उघडेना. राही रडायला लागली. आत्याबाई नुसत्या त्या बेंबीकडे बघत राहिल्या, आणि तेच मला सोसेना. माझ्या डोळ्यांपुढे साठ सालचं पान आलं. वाटलं, मी लेकीचं मूल माझ्या हट्टापायी घालवलं. धावत मांगवाड्यात गेले. आजवर त्या वाटेला माझं पाऊल पडलं नव्हतं.

गोजरबाई पुढच्या दारानं आली. आधी हात धुतले. ते होईतो माझा जीव टांगणीला. मग तिनं पोरीचं अंग चाचपलं, हातपाय दुमडून पाहिले, मऊ होते. हनुवटीखाली बोट फिरवलं आणि तळव्याला जोरात टिचकी मारली. पोरीनं टाळू दिसेपर्यंत तोंड उघडलं आणि घर डोक्यावर घेतलं.

"नाक चोंदलंय निस्तं," गोजरबाई म्हणाली. "जबडा बगा की. गावाला शिव्या देतीया."

नाक मोकळं केल्यावर पोर प्यायला लागली. तिचं पिणं झाल्यावर आत्याबाई जवळ आल्या आणि त्यांनी करंगळी तिच्या ओठांपाशी नेली. गोजरबाईनं मान वर केली. तिनं तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "धुतलाय."

"साबनानं?"

"व्हय, साबनानं. आता काय शपथ घिऊ?"

पोर त्यांची करंगळी चोखत होती. इतकी ओढ होती त्या इवल्या जबड्याला, की आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. विळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. तो अजून गोठ्यातच आहे.

मी गोजरबाईला पितळेच्या पेल्यात चहा दिला. घरातल्याच पेल्यात. आत्याबाई बघत होत्या, बघू दिलं. चहा पिऊन तिनं पेटी उचलली. गावच्या कारभाऱ्याच्या सुनेचे दिवस भरत आले होते. अकरातलं चौथं घर ते. तिथून तिला दोनदा हाकललं होतं, शेवटच्या खेपेला दगड मारून. कुठं निघालीस, मी विचारलं.

"तिथंच. तिसऱ्यांदा," ती म्हणाली.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला, पायांत चपला घातल्या आणि भर दुपारी, चावडीपुढून, तिच्या बरोबरीनं चालत गेले.